रंगाच्या आधी लोखंड बघा: जुन्या जीपच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

जुनी महिंद्रा जीप स्वस्तात घ्यायची, जमेल तसा पैसा लावत उभी करायची आणि शेतावर, माळरानावर फिरवायची, हा बेत सध्या आमच्या सोलापूर भागात बरेच जण करताहेत. नवी थार खिशाला झेपत नाही. मारुतीच्या जिप्सीची सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१९ साली बंद झाली आणि तेव्हापासून चांगल्या जुन्या जिप्सीला विकणारा म्हणेल तो भाव. राहता राहिल्या एमएम ५४० सारख्या जिपा. त्या अजून गावोगावी गोठ्यामागे पडून आहेत. आम्हीही अशीच एक घेतली आणि तिच्या दुरुस्तीत आम्हाला पद्धतशीर लुटलं गेलं. ज्या पद्धतीने लुटलं ती पद्धत बाहेरून काही केल्या दिसत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गॅरेजचं आणि माणसाचं नाव इथे देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

गाडी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची, १९९४ चं मॉडेल. वस्तीवर बाभळीखाली उभी होती. टायर बसलेले, सीटच्या फोममध्ये उंदरांची बिळं, पायाखालचा पत्रा कुजून खाली जमीन दिसत होती. पण मालक सरळ माणूस. कागद स्वच्छ, पहिल्यापासून एकाच नावावर, एमएच १३ पासिंग, कर्जाचा बोजा नाही. नोंदणीचं नूतनीकरण तेवढं २०१९ ला संपलेलं. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी आरटीओला दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. हे काम राहिलं होतं, ते त्यांनी स्वतःहून सांगितलं.

दादाला अशा गाड्यांची माहिती आहे. त्याने घेण्याआधी जे जे बघायचं ते बघितलं. बॅटरी जोडली, डिझेल इंजिन गरम करणारा हीटर दिला, आणि इतकी वर्षं पडून असलेलं ते प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन थोडं कुरकुरलं आणि चालू झालं. सुरुवातीला पांढरा धूर, मग गरम झाल्यावर कमी. ऑइलचं झाकण काढून बघितलं, वाफारा फार नव्हता. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, फोर व्हील टाकला, एक चाक हाताने फिरवलं तर दुसरं उलट्या दिशेने फिरलं. म्हणजे पुढचं डिफरन्शिअल, पुढच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच, शाबूत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर डिझेलच्या फडक्याने पुसून, त्यावर कागद धरून पेन्सिल घासली आणि दोन्हीचे छाप घेतले. आरसी बुकाशी जुळवले. मोबाइलमध्ये फोटो काढले. या छापाचा पुढे काय उपयोग झाला ते येईलच.

दुरुस्तीसाठी शहराबाहेरचं एक गॅरेज ओळखीतून मिळालं. समोर दोन-तीन जिपा चकाचक रंगवून उभ्या, लोक येऊन फोटो काढताहेत. चालवणारा बोलायला अतिशय गोड. "मालक, तुम्ही निवांत राहा, गाडी घरची समजून करतो." पत्राकाम, ब्रेक, स्टिअरिंग, पाटे, इंजिनचं ओव्हरहॉलिंग, वायरिंग, रंग, सगळं मिळून ९५ हजार ठरले. वहीच्या पानावर कामं लिहून त्याने सही केली. ४० हजार आगाऊ दिले.

काही दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागले. पहिला फोटो रंगवलेल्या बॉडीचा. मिलिटरी हिरवा रंग, पुढे जाड लोखंडी बंपर, नवी काळी सीट. घरातली पोरं फोटो बघून नाचायला लागली. फोटोसोबत निरोप, "इंजिनचं सामान आणायचंय, ३० पाठवा." ते दिले. मग डिझेल पंपाच्या जुळणीसाठी, "पंप कॅलिब्रेशनला टाकलाय, १५ पाठवा." तेही दिले. गॅरेजला गेलं की गाडी कधी आत रंगाच्या खोलीत, कधी "इंजिन लेथवाल्याकडे गेलंय."

इथेच थांबून सांगतो, कारण सगळं याच जागी आहे. पडीक गाडी उभी करायची तर रंग सगळ्यात शेवटचा असतो. आधी चेसिस उघडी करून गंज खरवडायचा, चिरा वेल्डिंगने भरायच्या, गंज रोखणारा रेड ऑक्साइड मारायचा. मग ब्रेक, स्टिअरिंग, पाटे, बुश. मग इंजिन-गिअर. गाडी चालून, थांबून, वळून दाखवली की मग वायरिंग, सीट, रंग. जो मिस्त्री रंग आधी करतो तो तुमचं तोंड बंद करतो. रंगवलेली गाडी कोणी पुन्हा खोलायला सांगत नाही, आणि पुढचे पैसे देताना मालकाला वाटतं की काम बरंच झालंय. पैसे काढण्याचा हा ठरलेला क्रम आहे, हे मला नंतर आणखी दोघातिघांच्या अनुभवावरून कळलं.

तो हिरवा रंगही साधा विषय नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे, खासगी गाडीला तो लावता येत नाही. आणि पुढचे ते जाड बंपर, क्रॅश गार्ड, यांच्यावर कारवाई करा असं केंद्राने २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना कळवलेलं आहे. म्हणजे आमच्या पैशातून दोन गोष्टी अशा केल्या की ज्या पासिंगला जाण्याआधी काढूनच टाकाव्या लागणार होत्या. रोज जिपा रंगवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

गाडी हातात आली ती पावसाळा संपता संपता. रस्त्यावर चालवायची नव्हतीच, नोंदणी व्हायची होती, म्हणून टेम्पोवर घालून थेट शेतावर नेली. परतीचा पाऊस झालेला. आमच्या भागातली काळी माती कशी आहे हे सांगायला नको, एकदा भिजली की टायरला चिकटत चिकटत चाक मडगार्डला जाऊन घासतं. अशा वेळी फोर व्हीलच हवा, त्यासाठीच तर जीप घेतलेली. बांधाच्या कडेला मागची चाकं रुतली. दादाने फोर व्हीलचा लिव्हर टाकला, पुढच्या चाकांचे हब लॉक केले. मागची चाकं चिखल उडवत राहिली, पुढची जागची हलली नाहीत. शेवटी ट्रॅक्टर लावून ओढली.

दुसऱ्या दिवशी मोहोळकडच्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणतात, साखर कारखान्याच्या जिपा सांभाळण्यात हयात गेलेली. त्यांनी पुढच्या हाउसिंगचा, म्हणजे डिफरन्शिअल ज्या लोखंडी पेटीत बसतं तिचा, ऑइल प्लग उघडून बोट घातलं, बोट कोरडं. मग झाकणाचे बोल्ट काढले. आत क्राऊन, म्हणजे मोठं दातेरी चक्र, नाही, डिफरन्शिअलची जाळी नाही, दोन्ही बाजूंचे आतले शाफ्ट नाहीत. दात तुटलेला, गंजलेला पिनियन, म्हणजे क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर, तेवढा बसवलेला, कारण बाहेरून येणारा शाफ्ट जोडायला काहीतरी लागतं, नाहीतर लगेच दिसलं असतं. वस्तीवर आम्ही हाताने फिरवून बघितलेलं, चालू असलेलं डिफरन्शिअल काढून घेतलं होतं आणि पोकळ हाउसिंगवर छान काळा रंग मारला होता.

मामांनी मग लहान हातोडी घेतली आणि चेसिसवर ठोकत पुढे गेले. टण टण आवाज येत होता, स्टिअरिंग बॉक्सच्या जागेपाशी आल्यावर आवाज बसला. तिथला काळा रंग पान्याने खरवडला तर पुट्टी निघाली. ढेकळं पडावीत तशी. पुट्टीखाली बोटभर लांब चीर. स्टिअरिंग बॉक्स ज्या लोखंडाला धरून असतो तेच लोखंड चिरलेलं, आणि ते वेल्ड न करता बुजवलेलं. ही गाडी पासिंग करून कोणी विजापूर रोडला साठच्या वेगाने काढली असती तर काय झालं असतं? पैशांचं मी समजू शकतो, लबाड माणूस पैसे खातो. पण माणसं बसणार असलेल्या गाडीची ही जागा पुट्टीने भरताना त्याचा हात थांबला नाही, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

शेवटी मामांनी डिझेलचा ब्रश मारून इंजिनचा ब्लॉक साफ केला, दादाने पेन्सिलचा जुना छाप शेजारी धरला. आकडे वेगळे. "हे इंजिन तुमचं न्हाय," मामा म्हणाले.

गॅरेजवाल्याला फोन केला तर तो आधी साफ नाही म्हणाला. छापाचा फोटो पाठवल्यावर सूर बदलला. "मालक, तुमचं इंजिन खोलल्यावर क्रँक खराब निघाला. तुमच्याच भल्यासाठी चांगलं इंजिन टाकलं, वरचे पैसे पण मागितले नाहीत." मग आमचं कुठंय? "भंगारात गेलं." हे दुसरं कुठून आणलं? बिल? त्यावर फोन कट. पुढे ओव्हरहॉलिंग म्हणून जे झालं होतं तेही कळलं. ऑइल सोडलं तर ते अतिशय घट्ट होतं, गरम इंजिनलाही काठीवरून सावकाश ओघळणारं. झिजलेल्या इंजिनमध्ये असं घट्ट ऑइल भरलं की काही दिवस धूर आणि आवाज दबतो. रिंगा, बेअरिंग, लायनर काहीच नवीन नव्हतं. कॅलिब्रेशन केलेल्या पंपाचं सील तर तुटलेलंही नव्हतं, वर जुनी धूळ तशीच.

इंजिन बदललं जाणं हे नुसत्या चोरीपेक्षा मोठं संकट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या तपशिलात बदल करायचा तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. इंजिन दुसरं टाकलं असेल तर ते कुठून आलं याचं बिल लागतं. बिल नाही म्हणजे पासिंग अडलं. त्याहून वाईट म्हणजे ते इंजिन कुणाच्या चोरीच्या गाडीचं निघालं तर पहिला प्रश्न ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्याला. आम्ही म्हणून ताबडतोब लेखी तक्रार पोलिसांत दिली, त्यात आमचा मूळ नंबर आणि आता बसवलेल्या इंजिनचा नंबर, दोन्ही लिहिले. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा अपहार हे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ आणि फसवणूक हे कलम ३१८. ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे" असं आधी सांगितलं गेलं. छाप, वस्तीवरचा व्हिडिओ आणि सही केलेलं वहीचं पान पुढे ठेवल्यावर अर्ज घेतला. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

ग्राहक आयोगाचं अनेकांना माहीत नसतं. गॅरेजचं काम ही सेवा आहे, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. गॅरेज पुण्यात किंवा हैदराबादला असलं तरी. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत २ वर्षांची. आमचे सगळे पैसे यूपीआयने गेले होते म्हणून नोंद आहे. गॅरेजवाला दरवेळी "रोख द्या, सामानवाला रोख मागतो" म्हणायचा, दादाने ऐकलं नाही ते बरं झालं.

जे आता अशी गाडी गॅरेजला घालणार आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. गाडी सोपवताना इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही हाउसिंग, पंप, डायनामो यांचे जवळून फोटो काढा आणि ब्लॉकवर, हाउसिंगवर कुठेतरी आडबाजूला पंचने स्वतःची खूण ठोका. नंबर फक्त इंजिन-चेसिसचा आरसीवर असतो, बाकी सामानाला तुमची खूण हाच पुरावा. काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत द्यायचा, हे कामाच्या कागदावर लिहून घ्या. झिजलेल्या रिंगा, फुटलेला सिलेंडर, काहीही असो, पोत्यात भरून द्यायला सांगा. जो मिस्त्री खरोखर नवीन सामान टाकतो त्याला जुनं परत द्यायला काही वाटत नाही. पैसे उघड्या कामाचे द्या. चेसिसचं वेल्डिंग झालं, रंग मारण्याआधी बघितलं, मग त्याचे पैसे. डिफरन्शिअल, इंजिन बंद करण्याआधी आत काय बसवलं ते डोळ्याने बघा. पत्र्यावर पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, पुट्टी असेल तिथे ते धरत नाही. आणि बजेट कमी असेल तर गाडी वर्षभर गंजलेल्या रंगातच राहू द्या, पण ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम आधी होऊ द्या. नूतनीकरणाचं शुल्क, महिन्यागणिक वाढणारा उशिराचा दंड, पर्यावरण कर हेही आधीच आरटीओत विचारून बजेटमध्ये धरा, आमच्या ९५ हजारांत यातलं काहीच नव्हतं.

आयोगात तक्रार दाखल झाली आहे, समोरच्याला नोटीस गेली आहे. बसवलेल्या इंजिनला पोलिसांचा निर्णय होईपर्यंत हात लावायचा नाही असं वकिलांनी सांगितलंय. चेसिसची चीर मामांनी वरून पट्टी देऊन वेल्ड केली. हिरवा रंग खरवडायला दादाने सुरुवात केली आहे, आणि पुढच्या हाउसिंगसाठी क्राऊन-पिनियनचा जुळलेला जोड आम्ही शोधतोय.