जिप्सम जॉइंटसाठी स्टेनलेस पट्टी (६ आणि १० इंची जोडी) : पावसाळाभर वापरल्यानंतर

पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोड, जिथे जिथे सीलिंग-पार्टिशनची कामं चालू होती तिथे जिप्सम बोर्डांमधले जॉइंट भरायला ही पट्ट्यांची जोडी रोज वापरली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चांगलं. गंज अजिबात नाही. जुनी कार्बन स्टीलची पट्टी संध्याकाळी पुसायची राहिली आणि हवा दमट असली की सकाळी तांबूस झालेलीच असते, तो गंज मालात, म्हणजे जॉइंट भरायच्या लगद्यात, उतरला की पांढऱ्या सीलिंगवर पिवळट रेघ. ते टेन्शन संपलं. ६ इंची तर जॉइंटवर टेप चिकटवायला झकास, दाबून ओढली की टेपखालचा जादा माल बाहेर येतो, फुगा राहत नाही.

गोची होते ती १० इंचीची, आणि तीही मालाच्या शेवटच्या हाताला, म्हणजे वरच्या थराला. बोर्डाच्या लांब कडेला कंपनीचा उतार असतो, तिथला जॉइंट कसाही लपतो. पण कापलेली टोकं समोरासमोर आली की उतारच नाही, टेप बसवली की उंचवटा येणारच, मग माल दोन्ही बाजूंना फूट-फूटभर पसरवून कडेला पार झिरो करायचा, म्हणजे बोर्डाशी सपाट मिळवायचा. ही पट्टी ताठ आहे, झिरो होतच नाही, कडेला बारीक धार सोडते. दिवसा काही दिसत नाही हो, पण पार्टीने कोव्ह लाईट (सीलिंगच्या कडेला लपवलेली लाईट) लावली की आडव्या उजेडात सगळं उघडं पडतं!

आमच्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. त्यांची काळी पट्टी बघाल तर भंगारात टाकाल, मूठ चिरलेली, वर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळलेली. पोरं हसतात, म्हणतात मामांचा जीव अडकलाय. असेलही, पण कारण नुसतं तेवढं नाहीये. बोर्डावर घासून घासून तिची कड पातळ झालीये, कोपरे गोल झालेत, मधल्या बोटाने जरा दाबलं की हवी तेवढी वाकते. आणि ती झिजलीये मामांच्या ओढण्यानुसार, एका बाजूला जास्त. मी तिने हात मारून बघितलं तर रेघाच रेघा. त्यांना नवी दिली तर म्हणाले, "भाऊ, ही ढिम्म वाकत नाही, तुम्हीच ठेवा."

नवीचे कोपरे पॉलिश पेपरने घासून गोल केले, त्याने ओरखडे बंद झाले, ताठपणा मात्र तसाच. सोबत मालाचा ट्रे पण आलाय, तो कोणी हातात धरत नाही, आपल्याकडे डाव्या हातातल्या पट्टीवरच माल घ्यायची सवय. ट्रेमध्ये सध्या स्क्रू असतात.

आता टेप आणि पहिले हात नवीने, शेवटचा हात मामा त्यांच्या काळीने मारतात.

पाचपैकी साडेतीन. ६ इंची डोळे झाकून घ्या. १० इंची मात्र दुकानात जाऊनच घ्या, बोटाने वाकवून बघा, कड उजेडाला धरून सरळ आहे का बघा, दोन-चार काढायला लावा, दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे.