समाजमंदिरातले दातांचे शिबिर आणि माझ्या चार दाढा

गेल्या कार्तिकात, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागातील एका आठवडी बाजाराच्या दिवशी, समाजमंदिरात भरलेल्या दातांच्या शिबिरात मी माझ्या चार धडधाकट दाढा यंत्राने घासून घेतल्या आणि त्यासाठी कापसाच्या पहिल्या चुकाऱ्यातले साडेसहा हजार रुपये मोजले. दाढा घासणारा तो मनुष्य उद्या दुसऱ्या एखाद्या बाजारात बसेल, या काळजीने हे लिहितो आहे.

झोपेत दात खाण्याची खोड ज्याची त्याला कळत नाही. "काऊन जी इतके दात खाता झोपेत? जातं फिरल्यावानी आवाज येते," असे पत्नीने सांगितले, तेव्हा सकाळी जबडा का आखडलेला असतो आणि भाकरीचा पहिला घास चावताना कानशिलाजवळ का ठणकते, याचा मला उलगडा झाला. आईच्या मते पोटात जंत होते. जंतांच्या गोळ्या दोनदा घेतल्या, पण करकर तशीच राहिली.

शिबिरातल्या पांढऱ्या कोटवाल्याने तोंडात आरसा फिरवून सांगितले की, दाढा उंचसखल झाल्यामुळे जबडा रात्रभर जागा शोधतो आणि त्या एका पातळीत आणल्या की आवाज कायमचा बंद होईल. मला ते पटले, कारण जात्याला टाकी लावावी लागते हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. दाढा घासून झाल्यावर त्याने गरम पाण्यात मऊ केलेली एक प्लॅस्टिकची पट्टी माझ्या दातांवर दाबून बसवली आणि ही पट्टी आयुष्यभर टिकेल असे सांगितले. पावतीवर रक्कम आणि एक फराटा होता. नोंदणी क्रमांक नव्हता, पत्ताही नव्हता.

आठ दिवसांत माठाचे पाणीसुद्धा दाढांना झोंबू लागले आणि पंधराव्या दिवशी उशीवर त्या पट्टीचा चावून तुटलेला तुकडा सापडला. त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

त्यानंतर मी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. तेथील डॉक्टर मॅडमनी समजावले की, दातांच्या ठेवणीमुळे माणूस रात्री दात खातो असे पूर्वी मानत असत, आता तसे मानत नाहीत. झोपेत मेंदू मधूनच क्षणभर जागेपणाकडे येतो आणि त्या वेळी चावण्याचे स्नायू आपोआप आवळले जातात. जंतांचा याच्याशी संबंध सिद्ध झालेला नाही. त्यांनी मला घोरण्याविषयी, झोपेत श्वास अडकण्याविषयी, मनाच्या आजाराच्या काही गोळ्या चालू आहेत का याविषयी, रात्रीच्या चहाविषयी आणि खर्ऱ्याविषयी, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाविषयी, विचारले, कारण या सगळ्यांनी ही खोड वाढू शकते. मी रोज तीन खर्रे खात होतो, आणि पीककर्जाच्या काळजीने झोपही धड लागत नव्हती. समाजमंदिरात मला यातला एकही प्रश्न कोणी विचारला नव्हता.

दाताचे वरचे कठीण आवरण एकदा घासले गेले की ते पुन्हा येत नाही, हे मला तेथे कळले. झिजण्यापासून वाचवायला आलो होतो, तेच आवरण मी पैसे देऊन काढून घेतले होते.

मॅडमनी दोन्ही जबड्यांचे माप घेऊन माझ्यापुरती कडक पट्टी करून दिली. बसवताना त्यांनी दातांमध्ये निळा कागद धरून मला चावायला लावले, जेथे ठिपका गडद उमटला तेथे पट्टी किंचित घासली आणि पुन्हा चावायला लावले. यात जवळपास अर्धा तास गेला. घासायची असते ती पट्टी, दात नव्हे. ही पट्टी दात वाचवते, खोड मोडत नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितले.

दंतवैद्यक करणाऱ्याचे नाव कायद्यानुसार राज्याच्या नोंदवहीत असावे लागते. तुमच्या बाजारात असे शिबिर लागले, तर तोंड उघडण्याआधी नोंदणी क्रमांक मागा, आणि पहिल्याच भेटीत कोणी दाढा घासायला निघाला तर खुर्चीवरून उठा. माझ्या चारपैकी एका दाढेचे रूट कॅनॉल करावे लागले असून उरलेल्या तिन्ही अजून थंड पाण्याने झोंबतात.