पोळपाटावरून पाहिलेला रेसलमेनियाचा आठवडा

नौपाड्यात आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे चारला मी कणीक मळायला घेते आणि साडेसहापासून ठाणे स्टेशनकडे पळणारी गिऱ्हाइकं दारात उभी राहतात. या दिवसांत अमेरिकेत रात्री आठला डब्ल्यूडब्ल्यूईचं रॉ, म्हणजे ठरवून केलेल्या कुस्तीचा दर आठवड्याचा कार्यक्रम, सुरू होतं तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. २०२५चा रेसलमेनिया, म्हणजे त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सोहळा, तर साडेचारलाच. आजूबाजूच्या घरांतून त्या वेळी भक्तिगीतं ऐकू येतात आणि आमच्या ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर, कुणीतरी कुणाला तरी टेबलावर आपटत असतं.

१ एप्रिल २०२५पासून आपल्याकडे डब्ल्यूडब्ल्यूई नेटफ्लिक्सवर आलंय. आधी सोनी, त्याच्या आधी टेन स्पोर्ट्स, असा माझा प्रवास. मी १४९ रुपयांचा मोबाइलवाला प्लॅन घेतला, कारण टीव्ही हॉलमध्ये आणि मी ओट्याशी. हिंदी समालोचनही आहे. सासरे बसलेले असले की हिंदी, मी एकटी असले की इंग्रजी. फायदा एवढाच की पोळी करपायला लागली तर सामना थांबवता येतो. केबलच्या काळात पोळीच करपायची. तोटा म्हणजे पिठाच्या बोटांनी पडदा सरकत नाही. मग मी कोपराने प्रयत्न करते आणि भलतीकडेच पोचते.

सासऱ्यांना आम्ही आण्णा म्हणतो. कराडकडचे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस. त्यांच्या लेखी ठरवून केलेली कुस्ती म्हणजे नुरा, आणि नुरा ही शिवी. लग्न होऊन आले तेव्हा मी हे बघते म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं होतं की जणू मी देवघरात चप्पल घालून गेले. पण त्यांनाही चारला जाग येते, चहा लागतो, आणि चहा ओट्यापाशीच मिळतो. आता पंधरा वर्षं झाली. नुरा म्हणतात आणि बघतात.

माझं मोजमाप त्यांच्यामुळेच ठरलं. एकदा ते सहज म्हणाले, “मारणारा काय कुणीबी मारंल, मार घेणारा बघ.” तेव्हापासून मी मार खाणाऱ्याकडे बघते. निकाल आधीच ठरलाय ना? मग जो पडणार आहे तो कसा पडतो, समोरच्याचा डाव खरा वाटेल असं अंग कसं टाकतो, त्यावर सामना उभा राहतो. २० ते २६ एप्रिलचा हा आठवडा मी याच तराजूत तोलला आहे. लास वेगासचा रेसलमेनिया ४१, दोन रात्री, आपल्या रविवार आणि सोमवारच्या पहाटे. मग मंगळवारी रॉ, शनिवारी स्मॅकडाउन, म्हणजे आठवड्याचा दुसरा कार्यक्रम.

रविवारी पहिलीच लढत गुंथर आणि जे उसोची. जे उसो आला की अख्खं स्टेडियम हात वरखाली करत ‘यीट’ ओरडतं. हे बघायला मजा येते, पण कुस्ती म्हणून तो काही फार डाव जाणणारा गडी नव्हे. लढत उभी केली गुंथरने. ऑस्ट्रियाचा हा माणूस छातीवर चापट मारतो तेव्हा आवाज असा निघतो की पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींनी लाटणं खाली ठेवून छातीला हात लावला. मेनियाआधी त्याने जेच्या डोळ्यांदेखत त्याच्या जुळ्या भावाला, जिमीला, रक्तबंबाळ केलं होतं. म्हणून लोकांना त्याचा पराभव हवाच होता. आणि तो हरला कसा? वरून उड्या मारून झाल्यावर जेने गुंथरचाच आवडता गळ्याचा विळखा गुंथरला घातला आणि त्याने हात आपटला. इतका दरारा असलेला माणूस स्वतःच्याच डावात शरण जातो! किताब जेकडे गेला, पण माझ्या हिशेबात रविवारचा मानकरी गुंथर. आण्णा म्हणाले, “ह्यो खरा पैलवान. पडायला छाती लागती.”

मधल्या लढती मी पोळ्या मोजत मोजत पाहिल्या. टिफनी स्ट्रॅटनने शार्लटला हरवलं. जेकब फाटूने एलए नाइटकडून अमेरिकेचा किताब घेतला, तो मात्र बघण्यासारखा: एवढं वजन, आणि उडी मारताना मांजर.

शेवटची लढत तिघांची. सीएम पंक, रोमन रेन्स, सेथ रॉलिन्स. यात खरा खेळ चौथ्याचा, पॉल हेमनचा. रोमनचा इतक्या वर्षांचा सल्लागार, पण पंकने जुनं देणं म्हणून मागून घेतलं होतं की रेसलमेनियाला तू माझ्या कोपऱ्यात उभा राहायचंस. त्यामुळे हेमन नक्की कुणाचा, हा प्रश्न महिनाभर तापवत ठेवला होता. आणि नेमकं उत्तर मिळायच्या क्षणी आमचं ब्रॉडबँड गेलं. गोल गोल फिरणारं चक्र. मावशी म्हणाल्या, “ताई, तवा बघा.” तवा बघितला. चक्र थांबलं तेव्हा पंक आडवा, रोमन आडवा, आणि हेमन रॉलिन्सच्या शेजारी. महिनाभर शिजवलेली भाजी उतरवायच्या वेळी दुसऱ्यानेच उतरवून नेली. दुपारी झाकपाक झाल्यावर परत लावून पाहिलं: आधी पंकला खालून फटका, मग रोमनच्या हातात खुर्ची देऊन त्यालाही तेच. दुसऱ्यांदा बघतानाही बरं वाटलं, कारण पंक कोसळताना हेमनकडे बघतो ते बघणंच खरी लढत होती. ब्रॉडबँडवाल्याला फोन केला तर म्हणे, तुमच्या इमारतीतून दुसरी कुणाची तक्रार नाही. पहाटे जागं कोण असणार, माझ्याशिवाय?

सोमवारची सुरुवात बायकांच्या तिहेरी लढतीने झाली. इयो स्काय, बियांका बेलेअर, रिया रिप्ली. दोन रात्रींतली ही मला सगळ्यात चांगली वाटली, आणि हे मी बाई म्हणून म्हणत नाहीये. तिघींच्या लढतीत बहुतेक वेळा एक जण कोपऱ्यात पडून राहते आणि बाकीच्या दोघी लढतात, म्हणजे सोय असते. इथे तिघी सतत एकमेकींच्या मध्ये. शेवटी जपानच्या इयोने दोरावरून मागे उलटी झेप घेतली आणि बियांकाला चीत करून किताब राखला. बियांकासारख्या ताकदवान बाईने त्या झेपेखाली स्वतःला नीट ठेवणं, हे सोपं काम नाही. मावशींना वाटलं मेली. “नाही हो, उठेल,” म्हटलं. उठेपर्यंत त्यांनी पुढची पोळी लाटली नाही.

आता डॉमिनिक. इथे मला थोडं थांबावं लागेल.

२००५ साली मी अकरावीला होते. आम्ही वागळे इस्टेटच्या बाजूला चाळीत राहायचो. केबल शेजाऱ्यांकडे, आणि त्यांच्या उंबऱ्यावर बसून टेन स्पोर्ट्स बघायचं. त्या वर्षीच्या समरस्लॅमला रे मिस्टेरिओ आणि एडी गरेरोची शिडीची लढत होती. वर टांगलेल्या ब्रीफकेसमध्ये रेच्या मुलाच्या ताब्याचे कागद! मुलगा आठ वर्षांचा, रिंगपाशी उभा. माझा भाऊ खो खो हसत होता की पोरगं बक्षीस म्हणून लावलंय. मी मात्र रडले होते, ते आजवर कबूल केलं नव्हतं. रेने कागद मिळवले. नोव्हेंबरमध्ये एडी गेला. शाळेत पोरं डब्ल्यूडब्ल्यूईचे पत्ते खेळायची, छाती किती, बायसेप्स किती, रँक किती, आणि पोरींना कुणी घ्यायचं नाही. मला एडीचा पत्ता एका मुलाने वर्गात गुपचूप दिला होता. तो अजून कुठल्याशा डब्यात असेल.

तो आठ वर्षांचा मुलगा म्हणजे हा डॉमिनिक. २०२५ साली अठ्ठावीस वर्षांचा, बापाशी वैर धरलेला, खोटारडा, पळपुटा, आणि लोकांचा लाडका. सोमवारी चौघांच्या लढतीत त्याने एडीची बेडूकझेप घेऊन इंटरकॉन्टिनेंटल किताब जिंकला. चीत केलं ते आपल्याच टोळीतल्या फिन बॅलरला. ब्रॉन ब्रेकर आणि पेंटा हे दोघे तगडे असताना हा पोरगा सगळा वेळ कडेकडेने फिरतो, दोन धपाटे खातो, बाहेर लोळतो आणि बरोबर शेवटी येतो. आमच्या गल्लीत कांदे-बटाट्यांची गाडी लावणारा एक पोरगा असाच आहे, पाऊस आला की गायब, गिऱ्हाईक आलं की हजर. पण मार काय सुरेख खातो! चेहऱ्यावरून कळतं की याला दुखायची सवय नाही. आण्णांना रे, एडी, काही माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “तू का रडतीयास?” म्हटलं, कांदा.

त्यानंतरची जॉन सीना आणि कोडी ऱ्होड्सची लढत म्हणजे उतरती कळा. सीनाचा सतरावा जागतिक किताब, रिक फ्लेअरच्या सोळाच्या पुढे, त्याचं निवृत्तीचं वर्ष. एवढं सगळं हाताशी होतं. मार्चच्या सुरुवातीला टोरंटोला सीना रॉकच्या, म्हणजे ड्वेन जॉन्सनच्या, साथीने कोडीवर उलटला, तेव्हा मी उकळतं दूध उतू जाऊ दिलं होतं. म्हटलं, आता वेगासला रॉक येणार. तो आलाच नाही. आला ट्रॅव्हिस स्कॉट, गाणारा. आण्णांनी विचारलं, “हे लग्नातलं पाहुणं हाय का?” मला उत्तर देता आलं नाही. सीना त्या दिवशी सत्तेचाळीस वर्षांचा होता, दमणारच, ते मी समजू शकते. चाळिशी जवळ आली की माझीही कंबर तव्यापाशी बोलते. पण ज्या कोडीला दोन वर्षं खांद्यावर घेतलं त्याने किताबाचा पट्टा हातात घेऊन ‘मारू की नको’ करत उभं राहायचं, मग सीनाचा खालून फटका, पट्टा कोडीच्या डोक्यात, एक-दोन-तीन? पडण्यात जीव नाही, मारण्यात जीव नाही. कोडी पडला तो दमलेल्या माणसासारखा नाही, घाई असलेल्या माणसासारखा पडला.

पंचांच्या डोळ्याआड काहीही चालतं यावर आण्णांचा विशेष राग. फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत पंचांशी वाद झाला आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. तो विषय आमच्याकडे अजून धुमसतोय. “हितं पंचाला कुणी इचारत न्हाई,” असं ते प्रत्येक रेसलमेनियाला म्हणतात.

मंगळवारचं रॉ मात्र झकास. रेसलमेनियानंतरचं रॉ दरवर्षी सैल सुटलेलं असतं. सीना नवा पट्टा घेऊन आला आणि मागून रँडी ऑर्टन! त्याच्या आरकेओ या डावावर सीना पडला ते सोमवारच्या लढतीपेक्षा चांगला पडला. ब्रॉन ब्रेकर रॉलिन्स-हेमनच्या गोटात गेला आणि त्याने रोमन-पंक दोघांनाही धडक देऊन आडवं केलं. बेकी लिंच आपल्याच जोडीदारणीवर, लायरावर, उलटली. गिऱ्हाईक दारात उभं, मी म्हणते, “एक मिनिट हो.” त्यांची सात सव्वीसची गाडी चुकली असावी, दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत.

त्याच दुपारी पहलगामच्या हल्ल्याची बातमी आली. डोंबिवलीचे तिघे गेले. आमच्या गिऱ्हाइकांत निम्मी माणसं डोंबिवलीहून येणारी. बुधवारी एनएक्सटी, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचाच आणखी एक कार्यक्रम, लावलंच नाही. लाटण्याच्या आवाजाशिवाय केंद्रात आवाज नव्हता. गुरुवारी, शुक्रवारीही फोन डब्याच्या मागेच राहिला.

शनिवारी मावशींनीच विचारलं, “आज मारामारी नाही का?” स्मॅकडाउन लावलं. चेल्सी ग्रीन झेलिना वेगाकडून हरली आणि किताब गेला. चेल्सी म्हणजे मार खाण्यातली आमची शिक्षिका. ओरडण्यापासून कोसळण्यापर्यंत सगळं टापटीप. मग शेवटी टेबल, शिड्या आणि खुर्च्यांची लढत. तीन जोड्या: स्ट्रीट प्रॉफिट्स, डीआयवाय, मोटर सिटी मशिन गन्स. सहा माणसं, आणि प्रत्येक जण दुसऱ्यासाठी पडायला तयार. एक शिडी हलली की दुसरा झेलायला हजर, पण झेलतोय असं दिसू द्यायचं नाही. जोडीचे किताब प्रॉफिट्सकडेच राहिले. वेगासच्या मोठ्या दिव्यांखाली जे सापडलं नाही ते टेक्सासच्या एका साध्या शुक्रवारी सापडलं. आण्णा चहाचा कप धरून उभेच राहिले होते, बसायचं विसरले.

ऑर्टन आणि सीना बॅकलॅश या पुढच्या मोठ्या कार्यक्रमात भिडणार आहेत, ऑर्टनच्या गावी, सेंट लुइसला. आपल्याकडे ११ मे २०२५ची पहाट. त्या दिवशी चरईत साखरपुडा आहे, दीडशे पोळ्यांची ऑर्डर घेऊन बसले आहे. आण्णांना सांगितलंय, फोन तुम्ही धरा.