एफ प्राइम वापरून तीन महिने झाले, सॅटेलाइटचं सॉफ्टवेअर शिकायचंय त्यांच्यासाठी

२०१६ ला पुण्याच्या सीओईपीचा स्वयम आणि आयआयटी बॉम्बेचा प्रथम, पोरांनी बनवलेले दोन्ही उपग्रह पीएसएलव्हीवरून वर गेले, तेव्हापासून मला शिकायचं होतं की आतलं सॉफ्टवेअर लिहितात तरी कसं. आता तीन महिने रोज रात्री नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेचं एफ प्राइम, म्हणजे यानाचं सॉफ्टवेअर लिहायचा तयार ढाचा, घेऊन बसतोय, म्हणून सांगतो.

फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि नुसतं शिकवण्यापुरतं केलेलं नाही, मंगळावर ज्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरने ७२ उड्डाणं केली त्याच्यावर हेच चालत होतं. तेच आपण घरी लॅपटॉपवर उघडतो, मला अजून भारी वाटतं याचं.

यात सॉफ्टवेअरचे तुकडे म्हणजे कंपोनंट, आणि ते एकमेकांशी बोलणार फक्त पोर्टमधून. आधी एफपीपी नावाच्या छोट्या भाषेत लिहायचं की माझ्या कंपोनंटला कुठल्या कमांड येणार, तो कुठले इव्हेंट आणि कुठली टेलिमेट्री, म्हणजे मोजमापांचे आकडे, पाठवणार, मग टूल सी प्लस प्लसचा सांगाडा काढून देतं आणि आतलं लॉजिक आपण भरायचं. सोबत येणारं जीडीएस चालू केलं की ब्राउझरमध्ये ग्राउंड स्टेशन उघडतं, कमांड निवडून पाठवली की इव्हेंटमध्ये आधी ती पुढे धाडल्याची ओळ येते आणि मग पूर्ण झाल्याची. ती दुसरी ओळ पहिल्यांदा आली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, तरी बायकोला उठवून दाखवली.

एलईडी ब्लिंकरचं ट्युटोरियल रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर नक्की करा. माझे त्यात दोन दिवस गेले, बिल्ड नीट, कमांड पण ओके येतेय, पण एलईडी लागतच नाही, वायर बदलली, रेझिस्टर बदलला, पाय परत फ्लॅश केला, शेवटी सापडलं की टोपोलॉजीत, म्हणजे कुठला कंपोनंट कुणाला जोडलाय त्या नकाशात, कंपोनंटचा रन पोर्ट रेट ग्रुपला जोडायचाच राहिला होता. रेट ग्रुप म्हणजे ठरावीक वेळाने ठोका देणारा, तो जोडला नाही तर आपल्या कोडला कुणी हाकच मारत नाही, आणि मोकळा इनपुट पोर्ट चालतो म्हणून बिल्ड बिनबोभाट होतं. पण त्या दोन दिवसांत टोपोलॉजी जी डोक्यात बसली ती कुठल्या व्हिडिओने बसली नसती.

सी प्लस प्लस आणि लिनक्सचं टर्मिनल आधी थोडं यायला हवं, विंडोजवाल्यांना डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स, लावावं लागेल.

नासाच्याच गोडार्ड केंद्राचं सीएफएस, असाच दुसरा ढाचा, तो पण बघितला, ते सी मध्ये आहे, सगळी अॅप सॉफ्टवेअर बसवर मेसेज टाकतात आणि उचलतात, कल्पना सुंदर आहे पण नवीन माणसाला पहिल्या दिवशी स्क्रीनवर काहीच दिसत नाही, कारण टेलिमेट्री बाहेर सोडायची कमांड आधी आपणच द्यायची असते. म्हणून माझं मत, आधी एफ प्राइम, मग सीएफएस.

एक मोठी गोष्ट मात्र एफ प्राइममध्ये मिळणार नाही, ती म्हणजे कक्षेतलं फिजिक्स. सॅटेलाइट गोल फिरायला लागला, सूर्य कुठे आहे, चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर काय दाखवतोय, हे सगळं बघायचं असेल तर नासाचंच एनओएस३ घ्या, त्यात सीएफएस आणि ४२ नावाचा सिम्युलेटर एकत्र येतात, पण ते जड आहे, रॅम भरपूर असेल तरच त्याच्या मागे लागा. आणि हातात रास्पबेरी पाय नसेल म्हणून थांबू नका, एलईडी सोडून बाकी सगळं नुसत्या लॅपटॉपवर होतं.