एसीचा सेन्सर: मोजावा की थेट बदलावा?
एसीवर तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा एरर कोड आला, मेकॅनिक म्हणतो सेन्सर बदलून टाकू. घरी मल्टिमीटर (विजेचा रोध, म्हणजे रेझिस्टन्स, मोजणारं मीटर) असेल तर?

खर्च: मोजणं फुकट. सेन्सर स्वस्त असला तरी व्हिजिट चार्ज लागतोच.

खात्री: इथे मोजणं फार पुढे. मेन स्विच बंद करून सेन्सरचा कनेक्टर एसीच्या सर्किट बोर्डवरून काढा आणि मीटरने रोध मोजा. 10 किलोओहमचा सेन्सर 25 अंशांना तेवढाच रोध दाखवतो, बर्फाच्या पाण्यात साधारण तिप्पट. (5 किंवा 20 किलोओहमचेही असतात, मॅन्युअल बघाच.) आकडे जुळले तर संशय कनेक्टर किंवा बोर्डावर. मग नवा सेन्सर घालून पैसे वाया.

अधूनमधून येणारा बिघाड मात्र मीटरला सहज चुकवतो. तिथे त्याच रोधाचा सेन्सर बदलून पाहणं बरं. कोड कायम दिसत असेल, तर आधी मीटर.