सात्यांचा रस्सा उत्तम, टोपली मात्र संशयास्पद

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतील रस्त्याकडेच्या ज्या खानावळीत मी या पावसाळ्यात दोनदा गेलो, तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार तिच्या स्वयंपाकाविषयी नसून खरेदीविषयी आहे. सात्यांचा, म्हणजे खाण्याजोग्या रानटी भूछत्रांचा रस्सा, भात, कांदा आणि वरून सढळ हाताने सांभार (कोथिंबीर), असे ताट १८० रुपयांना मिळते. रस्सा झणझणीत असला तरी सात्यांची मांसल चव त्यात हरवत नाही. बाजारातल्या धिंगरी अळिंबीला ती सर नाही. सात्या वाळवीच्या वारुळावरच उगवतात आणि त्यांची व्यापारी लागवड जमलेली नाही, त्यामुळे चार दिवसांच्या हंगामात ही किंमत मला जास्त वाटली नाही.

दुसऱ्या खेपेला मी टोपली पाहायला मागितली. सगळ्यांची बुडे कापलेली होती, आणि ओळख पटते ती नेमकी बुडाशी: सात्याचा देठ मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या घरात उतरतो, तर अमॅनिटा गटातील अनेक विषारी भूछत्रांच्या देठाखाली पांढरी वाटी असते, जी वरून खुडल्यास मातीतच राहते. मालकांना विचारले, तर ते म्हणाले, "भाऊ, उकळताना चांदीचं नाणं टाकतो जी, काळं नाही पडलं म्हणजे झालं."

ही समजूत जुनी आहे, पण निराधार आहे. त्या विषाने चांदी काळी पडत नाही, आणि उकळून किंवा वाळवूनही ते नाहीसे होत नाही. किड्यांनी कुरतडलेले भूछत्र माणसाला चालते, हेही खरे नाही. उलट्या व जुलाब साधारणतः ६ ते २४ तासांनी सुरू होतात, मग एखादा दिवस बरे वाटते, आणि त्याच काळात यकृत निकामी होत जाते; म्हणून रात्री जेवून सकाळी ठणठणीत उठलेल्या गिऱ्हाइकाची ग्वाही मला पुरेशी वाटत नाही.

वाढप तत्पर आहे, बाकडी स्वच्छ आहेत. सात्या मुळासकट आणणाऱ्याकडूनच घ्या, असे मालकांना सुचवले. त्यांनी मान डोलावली, पण टोपली चुलीकडेच गेली. मी वांग्याची भाजी मागवली. ती थोडी खारट होती.