जुने पार्ट हातात मिळाले, तरी टायरॉड एंड बदललेच नव्हते

गॅरेजमध्ये पार्ट बदलला की जुना मागून घ्यावा, असं जो तो सांगतो. मी मागून घेतला होता. बिलही घेतलं होतं. तरीही माझ्या गाडीला एकही नवीन पार्ट बसला नव्हता आणि पैसे मात्र दोन नव्या टायरॉड एंडचे गेले होते. टायरॉड एंड म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा गोळ्याचा सांधा. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी हे जरूर वाचावं, कारण या कामात फसवणं फार सोपं आहे. पार्ट चाकामागे असतो आणि गिऱ्हाईक गाडीखाली कधी वाकत नाही.

गाडी 2003 ची मारुती झेन. राधानगरी रोडला ऊसवाहतुकीनं जे खड्डे पडतात, त्यावरून जाताना डाव्या चाकाकडून खटखट यायची. स्टिअरिंग मध्यावर थोडं मोकळं फिरायचं आणि डावा टायर आतल्या कडेनं झिजत चाललेला. शहरातल्या एका गॅरेजात दाखवली. नाव लिहीत नाही. मिस्त्रीनं पुढचं चाक जॅकवर उचललं, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून डावं-उजवं हलवलं. प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, स्पष्ट जाणवला. बारा आणि सहाच्या जागी धरल्यावर चाक घट्ट होतं, म्हणजे बेअरिंग आणि बॉल जॉइंट ठीक. टायरॉड एंडचा रबरी बूट (सांध्यावरचं आवरण) फाटून आत चिखल गेलेला मला दाखवला. हे निदान शंभर टक्के बरोबर होतं. विश्वास बसला तो तिथंच.

"दोन्ही बाजूंचे बदलून टाकू साहेब, ओरिजिनल घालतो. एकच बदलून काय उपयोग न्हाई."

संध्याकाळी गाडी मिळाली. आवाज बंद. चाकामागे वाकून बघितलं तर काळेकुळकुळीत टायरॉड एंड, वर नवे कोरे बूट. पार्टचे 1,600 आणि मजुरी 700. जुने पार्ट मागितले तर कागदात गुंडाळून लगेच दिले, चांगले झिजलेले. अलायमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्याचं, विचारलं तर म्हणाला, "गरज न्हाई की ओ, माप हाय तसंच ठेवलंय."

माप हाय तसंच होतं हे खरं. कुणी पान्यानं हातच लावला नव्हता, तर बदलणार कसं!

पावसाळा सुरू झाल्यावर खटखट परत आली. टायरची झीज थांबत नव्हती म्हणून दुसरीकडे अलायमेंटला गेलो. तिथला माणूस गाडीखालून ओरडला, "हे कधी बदललं म्हणालासा?" रॉडवरचा लॉक नट गंजून बसलेला, त्याच्या कडेला जुना तांबडा चिखल आणि त्या चिखलावरूनच काळा स्प्रे मारलेला. खालच्या खाचेच्या नटातली, नट सुटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिनही गंजकी. ही पिन एकदा काढली की परत वापरत नाहीत. पार्ट नवा आणि पिन गंजकी, असं कधी नसतं.

मग उलगडा झाला. नट न सोडता जुनेच सांधे वरवर पुसले, स्प्रे मारला. बूट वरून चढवता येत नाही, त्यासाठी सांधा नकलमधून, म्हणजे चाकाच्या बाजूच्या लोखंडी भागातून, काढावाच लागतो, म्हणून 'नवा बूट' म्हणजे जुन्यावरच उभा चिरून चढवलेला आणि खाली तारेनं बांधलेला निघाला. आत ठासून ग्रीस भरलं होतं. ग्रीसनं आवाज काही दिवस दबतो, प्ले मात्र तसाच राहतो. सांधा पार झिजला तर आतला गोळा खोबणीतून निसटतो आणि ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. गगनबावड्याच्या घाटात हे झालं असतं तर, हा विचार आला आणि संताप दुप्पट झाला. पैशाची चोरी एक वेळ समजू शकते.

डिकीतले जुने पार्ट त्या माणसाला दाखवले. त्यानं हातात घेतले, आटे बघितले आणि हसला. "हे तुमच्या गाडीचं न्हाईच." भंगाराच्या डब्यातून कुणाचेही दोन उचलून दिले होते.

म्हणून गाडी देतानाच त्यांच्यासमोर जुन्या पार्टवर ऑइल पेंटचा ठिपका लावा आणि मोबाईलवर फोटो काढा. परत मिळालेल्या पार्टवर तोच ठिपका दिसला पाहिजे. नव्या पार्टचं खोकं मागा, त्यावर एमआरपी असते, ती बिलाशी ताडून बघा. स्प्लिट पिन चकचकीत आहे का तेही बघा. पार्ट खरंच बदलला तर आट्यांचे फेरे कितीही मोजून बसवला तरी टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप, थोडा हलतोच, त्यामुळे अलायमेंट करावीच लागते. तिचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद घ्या. 'अलायमेंटची गरज नाही' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथं गाडीखाली नेऊन दाखवायला सांगा. बाकी देखभाल म्हणाल तर बूट फाटला की लगेच लक्ष द्यायचं. पावसाळ्याआधी आणि ऊसाचा हंगाम संपल्यावर चाक वळवून बॅटरी मारून बघितलं तरी पुरतं.

नवे सांधे मी नंतर दुसरीकडे, समोर उभा राहून बसवून घेतले. मिस्त्रीनं नटाची खाच पिनेच्या भोकाशी जुळेना तेव्हा नट ढिला न करता थोडा पुढं आवळून जुळवली. काम असं असतं.

जुन्या गॅरेजात फोटो घेऊन गेलो. मालकानं आधी "पोराची चूक झाली" म्हटलं, मग "फुकटात बदलून देतो" म्हटलं. परत त्याच्या हातात गाडी द्यायची माझी तयारी नव्हती. बिलावर जीएसटी लावलेला, पण पंधरा अंकी-अक्षरी नंबर कुठंच नाही, हे दाखवलं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतो आणि जिल्हा ग्राहक आयोगात जातो म्हणालो. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही आणि दोन वर्षांपर्यंत मुदत असते. तेव्हा त्यानं गल्ल्यातून 1,600 मोजून टेबलावर ठेवले.

मजुरीचे 700 मागितले तर म्हणाला, "ते कसं देऊ? पोरानं रंग मारलाच की ओ."